यादीत कोणाला घ्यायचं

देवरीत हायवेवरून रात्रभर ट्रक धावतात, म्हणून आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर घरात कोणाला जाणवत नाही. मी झोपलेला असतो आणि त्यावर दोन बुद्धिबळ इंजिनं, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, एकमेकांशी डावामागून डाव खेळत असतात. सकाळी चहासोबत निकाल बघायचे, इंजिनांच्या रेटिंगची यादी मांडायची, हा माझा नाद.

नागपूरचा भाचा 2025 साली दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकल्यापासून बुद्धिबळानं झपाटलाय. आला की विचारतो, "मामाजी, स्टॉकफिश सगळ्यात तगडं आहे ना? मग हे भंगार कशाला खेळवता?"

स्टॉकफिशला माझ्या यादीतल्या तळाच्या इंजिनासमोर बसवलं, तर ते प्रत्येक डाव जिंकेल आणि हाती काहीच लागणार नाही. एलो या रेटिंग पद्धतीच्या हिशेबात 200 गुणांचा फरक असला की वरच्याला शंभर डावांत साधारण 76 गुण मिळतात, 400 असला तर 91. त्यापुढे निकाल आधीच ठरलेला. म्हणून नव्या इंजिनाला मी आसपासच्या ताकदीचे प्रतिस्पर्धी देतो. सुरुवातीच्या चाली ठरवून दिलेल्या, आणि तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा.

पण त्याआधी दारातली तपासणी. 2000 साली आलेली यूसीआय ही बोली इंजिनाला यायला हवी, घड्याळ सांभाळता यायला हवं. आमच्याकडे लाइन गेली तर चालू डाव रद्द. लाइन असताना इंजिन स्वतःहून बंद पडलं, तर मात्र ती हार.

माझी आवडती परीक्षा वेगळीच आहे. पांढरा राजा पाचव्या पट्टीच्या एका टोकाला, काळा हत्ती त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, मधे फक्त एक पांढरं प्यादं. काळ्यानं आपलं प्यादं दोन घरं पुढं सरकवून त्या पांढऱ्या प्याद्याच्या शेजारी आणलं. आता पांढऱ्याला ते एन पासंटनं, म्हणजे ते एकच घर सरकलंय असं धरून, मारता येईल? नाही. मारलं की दोन्ही प्यादी एकदम पट्टीवरून उठतात आणि राजा थेट हत्तीच्या तोंडी येतो. चांगली चांगली इंजिनं इथे घसरतात, कारण लिहिणाऱ्यानं एकच प्यादं हलतं असं धरलेलं असतं.

सगळ्यात डोकेदुखी नकलांची. रिब्का हे इंजिन 2007 ते 2010 सलग चार वर्षं संगणक बुद्धिबळात जगज्जेतं होतं. 2011 साली दुसऱ्यांचा कोड वापरल्याचा ठपका ठेवून त्याची चारही जेतेपदं काढून घेतली गेली. वाद अजून धुमसतोच. 2021 चं फॅट फ्रिट्झ 2 तर स्टॉकफिशवरच उभं होतं, फक्त न्यूरल नेटवर्क वेगळं. प्रकरण कोर्टात गेलं, 2022 मध्ये समझोता झाला. स्वीडनमधली हौशी मंडळी 1984 पासून माझ्यासारखीच रेटिंगची यादी ठेवत आली आहेत. तेव्हा बुद्धिबळाची यंत्रं दुकानातून विकत आणावी लागत. आता स्टॉकफिशचा कोड सगळ्यांना खुला आहे, दोन आकडे बदलून कोणीही नवं नाव चिकटवतो. अशी भावंडं माझ्या यादीत नकोत. ती आली की एकाच इंजिनाला चार खुर्च्या मिळतात.

त्यापेक्षा एखाद्या पोरानं शून्यापासून लिहिलेलं लंगडं इंजिन मला प्यारं. परवा असंच एक त्या एन पासंटमध्ये अडकलं. लिहिणाऱ्याला ती मांडणी पाठवली, तर दोन दिवसांत दुरुस्त आवृत्ती हजर. जुन्या आवृत्तीचे डाव तिच्या खात्यात धरत नाही. शेतातली रोवणी आटोपली की तिला पहिल्या डावापासून खेळवणार.