फुल्ल रेंज, तरी डिस्कनेक्ट!

गेमिंग कन्सोलवर "सर्व्हरशी संपर्क तुटला" असा मेसेज आला की आपण सगळे एकच करतो. राउटर बंद करायचा, दहा आकडे मोजायचे, परत चालू. आपण सॉफ्टवेअरवाले ऑफिसातही हेच करतो म्हणा! पण त्याने दुखणं जात नाही, थोडा वेळ झोपतं इतकंच.

माझ्यासाठी प्रश्न नुसत्या गेमचा नव्हता. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. फोनवर आमचं बोलणं "जेवलास का, थंडी किती" याच्या पुढे सरकत नाही. पण शनिवारी रात्री हातात कंट्रोलर आणि समोर फुटबॉलची मॅच असली की गडी मोकळा होतो. जूनमध्ये असंच खेळताना म्हणाला, "दादा, एक सांगायचं होतं, ऑफिसमध्ये जरा..." आणि आवाज गायब! लगेच फोन केला तर "काही नाही रे, सोड."

मग मात्र हात धुऊन मागे लागलो.

पहिला प्रश्न: बिघाड घरात की घराबाहेर? लॅपटॉप कन्सोलशेजारी ठेवला. एका खिडकीत राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. राउटर पलीकडच्याच खोलीत, उत्तर २-३ मिलिसेकंदांत यायला हवं. येत होतं, पण मधूनच ४००, कधी पॅकेटच गहाळ. म्हणजे चोर घरातच! स्पीड टेस्ट मात्र झकास. ती इथेच फसवते. डाउनलोडमध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं. मॅचमध्ये अर्ध्या सेकंदापूर्वीचा बॉल घेऊन काय करणार?

आता २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे संध्याकाळचं दादर स्टेशन. आमच्या हॉलमधूनच सोसायटीतली २६ नेटवर्कं दिसली, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच गर्दीत. शिवाय एक छुपा पाहुणा, यूएसबी ३.०. त्याच्या केबल्स आणि उपकरणांतून नेमका याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका पेपरात दाखवलं होतं. आणि आमच्या कन्सोलच्या पाठीला चिकटून काय? एक्स्टर्नल हार्ड डिस्क!

डिस्क काढून पाहिलं, उड्या निम्म्यावर. मग डिस्क लांब केबलने खालच्या फळीवर नेली आणि कन्सोल ५ गिगाहर्ट्झवर टाकला. हा पट्टा भिंतीपुढे लवकर दमतो, पण आमच्यात भिंत एकच. उड्या बंद. एका वेळी एकच बदल करायचा आणि दर वेळी मोजायचं, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळतच नाही.

गेम सुधारला, पण आवाज अजूनही जायचा. इथे दुखणं वेगळं होतं. गेम कंपनीच्या सर्व्हरमधून जातो, पण ग्रुपमधल्या गप्पा पुष्कळदा दोन कन्सोलमध्ये थेट चालतात. त्यात नॅट आडवं येतं. कन्सोलच्या चाचणीत आमचं नॅट 'स्ट्रिक्ट' निघालं. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला, तो १०० ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ मध्ये खास इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही४ चे पत्ते पुरेनात, म्हणून एका पत्त्यामागे अनेक घरं. चाळीत एकच नळ असावा तसं. अशा वेळी आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, पाणी वरच अडलेलं असतं.

उपाय दोन. कंपनीला जादा पैसे देऊन स्वतंत्र पत्ता घ्यायचा, किंवा समोरच्याने आपलं दार उघडं ठेवायचं. स्ट्रिक्टवाल्याचं ओपनवाल्याशी जमतं. भावाने त्याच्या राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलं, त्याचं नॅट 'ओपन' झालं. खर्च शून्य.

पुढच्या शनिवारी दुसऱ्या हाफमध्ये त्याने सांगितलं. कॉन्ट्रॅक्ट वाढवलेलं नाही, हातात तीन महिने. त्यानंतर मॅच कोणी जिंकली ते दोघांनाही आठवत नाही.

असो. तुमचा टीव्ही राउटरपाशी असेल तर यातलं काहीच करू नका. सरळ लॅन केबल जोडा. हॉलमध्ये ती दिसते म्हणून घरचे बोलतील, बोलू द्या!