दुप्पट भाडे आणि गाडीचा घसारा

मावळात जमीन विकली की दारात गाडी येते, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. आधी बुलेट यायची, मग स्कॉर्पिओ आली, नंतर फॉर्च्युनर. आता वडगाव-कामशेतच्या गल्लीबोळांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीसुद्धा दिसतात. बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या. नंबर ४१४१, म्हणजे वाचणाऱ्याने ‘दादा’ वाचावे. शहरातले शहाणे लोक या मंडळींना ‘गुंठामंत्री’ म्हणून हसतात. त्या हसण्यात आम्ही सामील नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पैसा मुरला त्यांनी काल पहिल्यांदा पैसा पाहिलेल्या माणसाला हसावे, यात कसला शहाणपणा? पण हसणाऱ्याला उत्तर देणे वेगळे आणि आपला हिशेब आपण तपासणे वेगळे. हा लेख हिशेबाचा आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वाहन हा आपल्यासाठी नुसत्या सोयीचा विषय कधीच नव्हता. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनावर उतरली. ती महार आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. त्या मुलांत बाबासाहेब होते. पुढे १९२९ साली, बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना चाळीसगावात टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा मिळाला, पण हाकणारा सवयीचा नव्हता. अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

म्हणून ‘तुम्हा लोकांना मर्सिडीज कशाला हवी?’ असे कुणी विचारले, तर आमचे उत्तर एकच: ते ठरवणारे तुम्ही कोण? कुठल्याही गाडीत बसण्याचा हक्क आपण कुणाकडून मागून घेतलेला नाही. प्रश्न वेगळाच आहे. त्या पोरांना जातीने दुप्पट भाडे मोजायला लावले. आज बाजार आपल्याकडून तेच दुप्पट भाडे वसूल करतो आहे का?

देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंतच्या विहारांत आम्ही रविवारी तरुणांबरोबर बसतो तेव्हा फळ्यावर एक हिशेब मांडतो. समजा, पेट्रोलवर चालणारी ८० लाखांची जोरदार इंजिनाची आलिशान गाडी घेतली. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. म्हणजे त्या ८० लाखांतले जवळजवळ २३ लाख कराचेच. त्यावर महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर, म्हणजे आणखी १० लाख ४० हजार. गाडीचे चाक फिरण्याआधी ३३ लाख सरकारजमा झाले. यातला एकही रुपया गाडी विकताना वेगळा परत मिळत नाही.

आता कर्ज. १६ लाख रोख भरले आणि ६४ लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख ३३ हजार पडतो. पाच वर्षांत व्याजच १५ लाख ७० हजारांच्या वर जाते.

आता घसारा. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना जो तक्ता वापरतात तो सरळ आहे. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के कमी, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के. म्हणजे पाचव्या वर्षी ८० लाखांची गाडी ४० लाखांची. हा झाला कागदावरचा आकडा. जुन्या आलिशान गाडीला गिऱ्हाईक थोडे, म्हणून बाजारात भाव पुष्कळदा याहून खाली येतो.

बेरीज करा. गाडी ८० लाख, रस्ता कर १० लाख ४०, व्याज १५ लाख ७०. एकूण १ कोटी ६ लाख. हातात उरले ४० लाख. गेले ६६ लाख. म्हणजे दिवसाला सुमारे ३६०० रुपये. यात पेट्रोल नाही, विमा नाही, टायर नाही, सर्व्हिसिंग नाही. गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली तरी रोजचे ३६०० रुपये जाणारच. लोणावळ्याच्या बंगल्यावर माळीकाम करणारा आमच्यातल्या एकाचा बाप महिनाभर राबून किती मिळवतो, ते त्या पोराने फळ्यावर शेजारी लिहिले. विहारात बराच वेळ कुणी बोलले नाही.

मग कुणी तरी हमखास विचारतो, ‘मोठी माणसे घेतात ती काय वेडी आहेत?’ वेडी नाहीत, मित्रांनो. त्यांच्याकडे घसाऱ्याचा अर्थच वेगळा आहे. धंद्यासाठी वापरायची म्हणून दाखवलेल्या गाडीवर आयकरात दरवर्षी १५ टक्के घसारा खर्च म्हणून वजा मिळतो. ८० लाखांच्या गाडीवर पहिल्याच वर्षी १२ लाख. ३० टक्के कर भरणाऱ्याचे त्यात ३ लाख ६० हजार वाचले. कर्जाचे व्याज, विमा, ड्रायव्हरचा पगार हेही धंद्याच्या खर्चात जाते. शनिवारी द्रुतगती मार्गावरून गुरगुरत लोणावळ्याला येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या मागे असा हिशेब असतो. ज्याने जमीन विकून गाडी घेतली त्याला कुठला धंदा आणि कुठली वजावट? तीच गाडी, तोच घसारा. एकाच्या वहीत तो सवलत म्हणून चढतो आणि दुसऱ्याच्या घरातून पैसा म्हणून जातो. दुप्पट भाडे म्हणतो ते हेच.

‘मग जुनी घेऊ, घसारा पहिल्या मालकाने भोगलाय,’ असे हुशार पोरे म्हणतात. हा सापळा सगळ्यात वाईट आहे. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही. २० लाखांना मिळालेल्या गाडीचे ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स हे ८० लाखांच्या गाडीचेच असतात आणि त्याच भावाने मिळतात. जोरदार इंजिनाच्या गाडीचे रुंद टायर लवकर झिजतात. गाडी जमिनीलगत, आणि आपल्याकडचे रस्ते पावसाळ्यात कसे असतात ते पवनेच्या खोऱ्यातल्या माणसाला विचारा. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने वाट्याला आलेल्या पैशातून तिसऱ्या हातची जर्मन गाडी घेतली. जुलैत ओढ्यावरच्या पाण्यात ती बंद पडली. त्याने पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी शिरले. विमा होता, पण इंजिनाच्या संरक्षणाची जोड त्यात नव्हती, म्हणून दावा नामंजूर झाला. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या जवळ गेला. ती गाडी अजून गॅरेजच्या मागे उभी आहे आणि हप्ते चालू आहेत.

आणि ज्या वेगाचे हे पैसे, तो वेग वापरायचा कुठे? २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, खंडाळ्याच्या घाटात त्याहून कमी. ताशी अडीचशेची गाडी घेऊन तिथे स्विफ्टच्या मागेच राहायचे किंवा कायदा मोडायचा. कायदा मोडण्याची किंमतही सगळ्यांना सारखी नसते. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्या महागड्या गाडीची पक्की नोंदणी अवघे १७५८ रुपये न भरल्यामुळे अडली होती. गाडी चालवत असल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता. लोक खवळले तेव्हा आदेश बदलला. आपल्या वस्तीतल्या पोराला कुणी निबंध लिहायला सांगितले असते का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आता, हा पैसा कुठून आला ते पाहू. आपल्याकडे मुळात जमीन थोडी, आणि होती ती पुष्कळशी वतनाची. महार वतन म्हणजे तुकडाभर जमिनीच्या बदल्यात गावाची पिढीजात गुलामी, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. जमीन नव्या शर्तीने परत मिळाली आणि ती विकायला आजही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावे. एजंट, इसार पावती, कुलमुखत्यारपत्र यांतून वाचून जो पैसा घरात येतो, तो पणज्याच्या वेठबिगारीचा पैसा आहे. तो एकदाच येतो. त्या जमिनीवर बंगला उभा राहतो आणि आपलाच माणूस तिथे वॉचमन होतो, हे मावळात सर्वांनी पाहिले आहे.

१९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना बाबासाहेबांनी दाखवले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा एवढ्यावर काही ठरत नाही, शेतकऱ्याकडे भांडवल किती आहे त्यावर ठरते. शंभर वर्षांनी भांडवल हातात आले. ते पाच वर्षांत निम्मे होणाऱ्या वस्तूत घालायचे?

काय करावे, याचे उत्तर जुनेच आहे. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला सांगितले की मिळकतीचे चार भाग करावेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. गाडी पहिल्या भागातली वस्तू आहे, आणि त्याच भागात घर चालवणे, लग्नकार्य, दवाखाना हेही आहे. वाट्याला ४० लाख आले तर उपभोगाला १० लाख. त्यात एक चांगली, भरवशाची गाडी खुशाल घ्या, ताठ मानेने चालवा. २० लाख धंद्यात, शिक्षणात किंवा पुन्हा जमिनीत घाला. टेम्पो, ट्रॅव्हल्सची गाडी किंवा जेसीबी घेतला तर घसारा तिथेही आहे, पण ते चाक फिरताना कमावते. तेव्हा आयकराच्या वहीत घसारा तुमच्याही बाजूने लिहिता येतो.

आपल्या कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटाच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दाराच्या कामाला दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. त्या विक्रेत्याकडे वाहन कुठले होते ते कुणाला माहीत नाही. त्याने पैसा कशात घातला, ते दोन हजार वर्षांनी वाचता येते. येत्या रविवारी तुमच्या विहारात फळा मांडा, दारातल्या गाडीचा हिशेब सगळ्यांदेखत लिहा, आणि नवी बुकिंग करायच्या आधी तो घरातल्या बायकांना दाखवा. सातबाऱ्यावर त्यांचीही नावे आहेत.

जय भीम.