ग्रंथालय आणि घरचा जमाखर्च



काटकसरीवर उपदेश करणारे पुष्कळ असतात. तो मनावर घेणारे थोडे. म्हणून मी उपदेश न करतां माझ्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगतों. ती सांगतांना लाज वाटते. परंतु शिक्षकानें आपली चूक विद्यार्थ्यांपासून लपवूं नये, असें माझें मत आहे.

आमचें घर तामलवाडीस, सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या हमरस्त्यालगत. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास या रस्त्यानें असंख्य यात्रेकरू पायीं तुळजापुरास जातात. खांद्यावर एक पिशवी, तींत चटणी-भाकर. एवढ्या शिदोरीवर माणूस किती लांब जाऊं शकतो, हें मी लहानपणापासून पाहत आलों आहें. असें असूनही माझ्या घरांत मी ओझें वाढवीतच होतों. तें ओझें दारूचें किंवा दागिन्यांचें नव्हतें. पुस्तकांचें होतें, आणि म्हणूनच तें व्यसन आहे असें मला कधीं वाटलें नाहीं. पगार झाला कीं पुस्तक, प्रदर्शन भरलें कीं पुस्तक. आणि आतां तर मोबाइलवर बोट टेकवितांच पुस्तक दारांत हजर होतें.

दोन वर्षांपूर्वीं जून महिन्यांत मुलीच्या महाविद्यालयाची फी भरण्याची वेळ आली, आणि पांच हजार रुपये कमी पडले. माझी वृद्ध आई कांहीं न बोलतां आंत गेली. कोंबड्यांचीं अंडीं विकून साठविलेले पैसे तिनें लुगड्याच्या घडींतून काढले आणि माझ्या हातावर ठेवले. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. मीं जमाखर्चाची वही काढून वर्षाचा हिशेब मांडला. पुस्तकांवर ९,३४० रुपये खर्च झाले होते. मग कपाट उघडलें. वर्षभरांत घेतलेल्या ३१ पुस्तकांपैकीं मीं पूर्ण वाचलेलीं अवघीं ८ होतीं. सहांचें तर प्लॅस्टिकचें वेष्टनही निघालें नव्हतें. सकाळीं हें आईला सांगितलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “बाळा, वाचायला पुस्तक लागतंय, कपाट न्हाई लागत.”

चार इयत्तांना मराठी शिकविणाऱ्या मला जें उमगलें नव्हतें, तें चौथींतून शाळा सुटलेल्या आईला ठाऊक होतें. सोलापुरांत हिराचंद नेमचंद वाचनालयासारखीं जुनीं व नांवाजलेलीं ग्रंथालयें असतांना मी इतकीं वर्षें बाजूनें निघून जात होतों. त्याच आठवड्यांत, शाळा सुटल्यावर वाट थोडी वांकडी करून, मी एका ग्रंथालयाचा सभासद झालों.

तेथें पैसे तर वांचलेच. परंतु त्याहून मोठा लाभ निराळाच झाला. विकत घेतलेलें पुस्तक म्हणतें, “सवडीनें वाच”. आणि ती सवड कधीं येत नाहीं. ग्रंथालयाच्या पुस्तकास परतीची तारीख असते, म्हणून तें आजच उघडावें लागतें. प्रारंभीं दोनदां विलंबाचा दंड भरला. पुढें शिस्त लागली. हवें तें पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलें असलें म्हणजे थांबावें लागे, आणि पुष्कळदां थांबतांना कळून येई कीं, त्याची गरज नव्हतीच. आतां मीं एक नियम केला आहे: जें पुस्तक ग्रंथालयांतून दोनदां आणून वाचावेंसें वाटेल, तेंच विकत घ्यावें. त्या नियमानें पहिलें घेतलें तें लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’.

हळूहळू हाच प्रश्न मी घरांतील इतर वस्तूंसही विचारूं लागलों: ही आपल्या मालकीची असावयास हवी, कीं कामापुरती मिळाली तरी चालेल? शिडी आणि फवारणीचा पंप आतां आम्ही तीन शेजारी मिळून वापरतों. विचारपूर्वक जगणें म्हणजे मन मारणें नव्हे; उपयोग आणि मालकी यांतील भेद ओळखणें होय.

हा विचार कांहीं नवा नाहीं. काटकसरीबद्दल प्रसिद्ध असलेले बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७३१ सालीं फिलाडेल्फिया शहरांत वर्गणीचें ग्रंथालय काढलें, तेव्हां पन्नास जणांनीं प्रत्येकीं चाळीस शिलिंग घातले. एकट्याच्या ऐपतीपलीकडचा ग्रंथसंग्रह अशा रीतीनें सर्वांचा झाला. पुण्यांत १८४८ सालीं लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकारानें ग्रंथालय निघालें. तेंच आजचें पुणें नगर वाचन मंदिर. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० पासून आपल्या संस्थानांत सार्वजनिक ग्रंथालयांची योजना उभारली. तींत पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडीं पाठवीत असत. आपल्या राज्यांत १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वयें मान्यताप्राप्त ग्रामीण ग्रंथालयांसही सरकारी अनुदान मिळतें. तेव्हां ‘आमचें गांव लहान, येथें काय होणार?’ असें म्हणून कोणीं स्वस्थ बसूं नये.

प्रभु येशूनें पांच भाकरींनीं पांच हजारांस तृप्त केल्यावर उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितलें, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. ज्याच्या हातीं एवढी समृद्धि होती, त्यानें तुकडा वायां जाऊं दिला नाहीं! आणि ध्यानांत घ्या, भाकरी आधीं वांटली गेली. तुकडे मागाहून वेंचले गेले. खरी काटकसर कंजूषपणापासून येथेंच वेगळी पडते.

वर्षअखेर मीं आईचे पैसे परत केले. तिनें मोजून घेतले, त्यांतील पांचशें रुपये माझ्याकडे परत सरकविले आणि शेजारच्या एका मुलाचें नांव घेऊन म्हणाली, “त्याला बी तुझ्या वाचनालयात घाल.” तो मुलगा आतां दर शनिवारीं माझ्याबरोबर सोलापुरास येतो. परततांना गाडींत तो वाचीत असतो, आणि तामलवाडी आली हें मला त्यास सांगावें लागतें.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या ग्रंथालयांत तुमचें नांव घातलेलें आहेच. या सुट्टीपूर्वीं तेथून एक तरी पुस्तक घरीं न्या, आणि तें आईवडिलांस वाचून दाखवा.