आमच्या बुडालेल्या गांवाचा शोध

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं नववीच्या वर्गास मीं एक काम सांगितलें. प्रत्येकानें आपल्या घरांतील अथवा आळींतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावें, त्यांच्या लहानपणची हकीकत विचारावी आणि ती जशीच्या तशी वहींत उतरून आणावी. मुलें रिवाजाप्रमाणें कुरकुरलीं. इतक्यांत मागच्या बांकावरून एकानें विचारलें, "सर, तुम्ही लिहिली आहे का अशी वही?" वर्ग हसला. मीही हसलों, परंतु घरीं जातांना तो प्रश्न कांहीं केल्या पाठ सोडीना. तीस वर्षें मी इतिहास शिकवीत आलों आहें. पानिपतावर कोणाची फौज कोठें उभी होती तें फळ्यावर सहज काढून दाखवीन. पण माझ्या आजोबांचें घर कोठें होतें हें मला नीट ठाऊक नव्हतें. ठाऊक होतें तें एवढेंच, कीं तें पाण्याखालीं आहे.

ह्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशींत, मुळा व नीळा ह्या नद्यांच्या संगमापाशीं मुळशीचें धरण आहे. पावसाळ्यांत तेथें सहलीस न गेलेला विद्यार्थी आपल्याकडे विरळाच. तें निळें पाणी पाहून कोणाच्या मनांत येत नाहीं, कीं ह्याच्या तळाशीं एकेकाळीं आंबेमोहोराचीं खाचरें होतीं. मुंबईस वीज पुरविण्यासाठीं हें खोरें बुडवावयाचें ठरलें. येथील पाणी घाटाखालीं कोंकणांत भिरा येथें सोडून त्यावर यंत्रें चालवावयाचीं, अशी ती योजना होती. सुमारें पन्नास गांवांवर हें संकट आलें. 16 एप्रिल 1921 रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, खोऱ्यांतील मावळे, पुरुष आणि स्त्रिया, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी होते. बापटांस 'सेनापति' ही पदवी ह्याच लढ्यानें दिली. 1924 साल संपतां संपतां लढा थंडावला. धरण पुरें झालें. माझे पणजोबा बायकामुलांसह खोऱ्याबाहेर पडले.

आमच्या घरांत ह्या साऱ्याची एकच कथा उरली होती, आणि ती प्रत्येक लग्नकार्यांत कोणीतरी सांगावयाचाच: "आमच्या म्हाताऱ्यानें जमिनीचा पैसा शिवला नाहीं." ती ऐकतांना माझ्या वडिलांची मान ताठ होत असे. लहानपणीं मीही ती मित्रांस कितीदां सांगितली असेल!

ह्या कथेस कागदाचा आधार पाहावा, असें ठरवून मी निघालों. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत सरकारी पुराभिलेखागार आहे. पुण्यासही पेशवे दप्तराची जुनी वास्तु आहे. परंतु माझ्यासारख्या साध्या शेतकऱ्याच्या वंशजाचें काम बहुधा त्याहून लहान कचेऱ्यांत असतें. तेथें फेरफाराचीं पत्रकें, खातेवह्या, नुकसानभरपाईचे निवाडे असे कागद फडक्यांत बांधून ठेवलेले असतात. एक कचेरी मला दोनदां हात हलवीत परत पाठवून राहिली; तिचें नांव सांगण्यांत हंशील नाहीं. तिसऱ्या खेपेस एका शिपायानें फळीवरून एक रुमाल काढून दिला. त्यांतील धुळीनें मला तासभर शिंका आल्या.

कागद मोडींत होते. मोडी मी पन्नाशी उलटल्यावर सरकारी वर्गांत शिकलों, आणि माझ्या शेजारीं बसणारी मुलगी माझ्याहून तीस वर्षांनीं लहान होती, हें येथें प्रांजळपणें सांगतों. ह्या लिपींत आधीं ओळभर रेघ ओढतात व मग तिला अक्षरें लटकवीत जातात. शब्द कोठें संपला हें वाचणारानें ताडावयाचें. परंतु एकदां हात बसला म्हणजे मागचा माणूस आपल्याशीं बोलूं लागतो. कारकुनाची घाई, त्याची शाई सुकल्याची जागा, चुकून लिहिलेला व खोडलेला आंकडा, सर्व कांहीं दिसतें. असल्या कागदांची किंमत महाराष्ट्रास ज्यांनीं शिकविली ते इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव पायपीट करीत हिंडले. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड 1898 सालीं निघाला. असे बावीस खंड त्यांनीं काढले, आणि 1910 सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभें करण्यांत पुढाकार घेतला. जुनीं दप्तरें वाण्याकडे पुड्या बांधावयास जात, अशा काळांत हें त्यांनीं केलें. मात्र राजवाड्यांनीं ज्यांचे कागद शोधले ते सरदार व मुत्सद्दी होते. माझ्या पणजोबांस सहीही येत नव्हती.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मला पणजोबांचें नांव सांपडलें. त्यापुढें घर, गोठा व दोन आंब्यांची झाडें ह्यांबद्दल 112 रुपये, मे महिन्याची तारीख, आणि खालीं डाव्या हाताचा अंगठा. शाई इतकी स्पष्ट होती, कीं अंगठ्यावरील जुन्या जखमेची आडवी रेघसुद्धां उमटली होती. मी कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिलों. माझ्या कुळांतील एका माणसाच्या देहाची ही एकच खूण जगांत उरली आहे, आणि ती आमच्या घरची कथा खोटी ठरवीत आहे!

पुढचीं पानें चाळलीं तेव्हां आणखी एक गोष्ट कळली. शेतजमीन पणजोबांच्या नांवावर नव्हतीच. ती पुण्याच्या एका सावकाराच्या खात्यावर होती, व तिचे पैसेही त्यासच मिळाले होते. हें कांहीं आमच्यापुरतें नव्हतें. खोऱ्यांतील पुष्कळशी जमीन अशीच सावकारांकडे गेलेली होती, व पैसा मिळून मोकळें व्हावें, असें त्यांतील अनेकांस वाटत होतें. राजेंद्र व्होरा ह्यांनीं ह्या सत्याग्रहावर लिहिलेल्या ग्रंथांत ह्याचें सविस्तर विवेचन आहे. त्या सावकाराचें नांव व आमच्या गांवाचें नांव मीं येथें मुद्दाम दिलेलें नाहीं. त्यांचे पणतू कदाचित् आपल्याच शाळेंत शिकत असतील, आणि त्यांनीं कोणाचें कांहीं घेतलेलें नाहीं.

आतां खरी पंचाईत पुढेंच होती. माझ्या आत्याचें वय शहाऐंशी. घरांतील ती कथा तिच्याइतक्या अभिमानानें कोणीच सांगत नसे. तिला हा कागद दाखवावा कीं न दाखवावा? आठ दिवस मी त्या नकलेची घडी खिशांत घेऊन हिंडलों. सत्य सांगावें, असें मुलांस सांगणें सोपें आहे. शहाऐंशी वर्षांच्या बाईचा आधार काढून घेणें कितपत बरें, हें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत लिहिलेलें नाहीं. शेवटीं मनाशीं ठरविलें, कीं आधीं तिचें ऐकून घ्यावें आणि मग काय तें पाहावें.

पहिला दिवस फुकट गेला, तो माझ्याच चुकीमुळें. मीं तिला विचारून खिशांतला फोन आवाज टिपण्यासाठीं समोर ठेवला, आणि आत्या एकदम रेडिओवर बोलल्यासारखी शुद्ध बोलूं लागली! वर मीं प्रश्नांची लांबलचक यादी काढली. तिनें "हो", "नाहीं", "असेल" एवढींच उत्तरें दिलीं. दुसऱ्या दिवशीं फोन, तिला सांगूनच, सुपाच्या मागें ठेवला, यादी घरीं विसरलों असें म्हटलें, व तिच्याबरोबर तांदूळ निवडावयास बसलों. हात कामांत गुंतले म्हणजे जुन्या माणसांची जीभ सुटते. माझ्या विद्यार्थ्यांस ही एक युक्ति मीं आतां सांगून ठेविली आहे.

"आत्या, आपलीं शेतें किती होतीं ग?" मीं विचारलें.

ती उत्तर देईना. तिचा उजवा हात मात्र हळूहळू वाटोळा फिरूं लागला, जणूं जात्याचा खुंटा धरला आहे. मग ओठांतल्या ओठांत कांहीं गुणगुणत तिनें एकेक नांव बाहेर काढलें: म्हसोबाचं, पाणथळ, लांबोडी, वडाचं... माझी आजी दळतांना बुडालेल्या शेतांचीं नांवें ओवींत गुंफून म्हणत असे, आणि आत्यानें तीं जात्याशीं बसून लहानपणींच उचललीं होतीं. तीच आजी मी आठवींत असतांना वारली. तिच्या ओव्या मीं असंख्य वेळां ऐकल्या आणि एकही लिहून ठेविली नाहीं. पहाटेची ती घरघर म्हणजे झोपमोड, एवढेंच मला वाटे. पुढें हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांनीं मुळशी-मावळाकडच्या आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतील बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या, हें वाचलें तेव्हां मला आनंद झाला व लाजही वाटली. त्यांत माझ्या आजीची एकही नाहीं.

मीं खिशांतून सर्व्हे नंबरांची यादी काढली. कागदावर एकर-गुंठे होते, नांवें नव्हतीं; आत्याजवळ नांवें होतीं, एकर-गुंठे नव्हते. दोन्ही शेजारीं मांडलीं. कागदांत सात तुकडे, आत्याच्या ओवींत आठ नांवें. पुन्हां मोजलीं, तरी आठच. कोणतें जास्त, हें मीं फेरफाराच्या जुन्या पत्रकांत शोधलें, तों म्हसोबाचें शेत धरणाच्या पुष्कळ आधींच एका दुष्काळी वर्षीं दुसऱ्याच खात्यावर गेलेलें आढळलें. म्हणजे बायकांनीं तें गेलेंच मानलें नव्हतें. सरकारदरबारीं नांव बदललें. जात्यावर तें आमचेंच राहिलें.

मग मात्र मला राहवलें नाहीं. मीं अंगठ्याची नक्कल तिच्यापुढें ठेविली आणि वाचून दाखविली. तिनें चष्मा लावला, तो अंगठा बोटानें चाचपला. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मी मनांत म्हटलें, झालें, आपण नको तें केलें.

"ह्यो इळा लागला व्हता," त्या रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली. मग थोड्या वेळानें: "आज्यानं पैका शिवला न्हाई, हे खरंच हाय. आजीनं घेतला. अंगठा त्याचा, पदर तिचा. चार लेकरं व्हती, वर पाऊस आला व्हता. काय रांधायचं, मानपान?"

हें तिला तिच्या आजीनें, म्हणजे माझ्या पणजीनें, स्वतः सांगितलें होतें. पणजोबांनीं मान खालीं घालून अंगठा उठविला व ते कचेरींतून तसेच बाहेर निघून गेले. रुपये पणजीनें मोजून घेतले, पदरांत बांधले, आणि त्याच दिवशीं दोन पोतीं भात घेतलें. वर्षभर पणजोबा तिच्याशीं सरळ बोलले नाहींत. जेवले मात्र त्याच भातावर. "मग हें कोणीं सांगितलें कसें नाहीं?" मीं विचारलें. आत्या हसली. "इचारलं कोणी? गडीमाणसं गोष्ट सांगायची, आमी चहा करायचो."

मीं तो सारा रुमाल पुन्हां पाहिला आहे. त्यांत पणजीचें नांव एकदांही आलेलें नाहीं. दुसऱ्या बाजूनें, तो कागद हातीं नसता तर आत्याची जीभ ह्या विषयावर कधींच हलली नसती. आणखी एक गोष्ट राहिली आहे. सत्याग्रहांत पणजोबा तुरुंगांत गेले होते, असें आत्या ठामपणें सांगते. त्यास मला अद्याप कागद मिळालेला नाहीं. वहींत मीं तसेंच लिहिलें आहे: "आत्याच्या सांगण्यावरून."

जूनमध्यें शाळा उघडली तेव्हां मुलांनीं एकतीस वह्या आणल्या, आणि बत्तिसावी माझी होती. कांहीं वह्यांत चार ओळी आहेत, कांहींत चाळीस पानें. एका मुलीनें आपल्या आजोबांच्या गिरणींतील संपाची हकीकत इतकी बारकाईनें लिहिली आहे, कीं ती पुढील अंकांत छापावी, असें मीं संपादकांस सुचविलें आहे. एका मुलाची वही कोरी आली. त्याचे पणजोबा सुटींतच वारले. तो रोज "उद्यां विचारीन" म्हणत होता. मीं त्यास कांहीं बोललों नाहीं. त्याच्या आजीचें वय काय, एवढें मात्र विचारलें.

माझी वही पुरी झाल्यावर ती आत्यास वाचून दाखवावयास मी पुन्हां गेलों. ती डोळे मिटून ऐकत होती; झोंप लागली कीं काय, असें वाटून मी थांबलों. तशी ती म्हणाली, "थांबलास का? चूक हाय त्यात. वडाचं शेत न्हवं, वडाखालचं. वड आपला नव्हता."

मीं पेन काढून तेथेंच तें दुरुस्त केलें.