अंगाबेताची बंदूक

१/ ठासणीच्या बंदुकीविषयी आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : ती किती लांब मारते? आज दुसरा प्रश्न घेऊ. ती कोणाला पेलते? हा प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. बांद्याला, आमच्या घराच्या ओट्यावर भेटला.

२/ तेरेखोल नदीकाठच्या आमच्या गावात शेतीसंरक्षणाची बंदूक ही नवलाईची वस्तू नव्हे. रानडुकरे भातात किंवा माकडे बागेत उतरली की आवाजाचा बार काढून त्यांना पिटाळायचे, एवढेच आमच्या घरी तिचे काम. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणाच्या परवान्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेखच आहे. आजोबांची बंदूक त्यातलीच. लांब नळीची, केपाची.

३/ आजोबा थकले आणि परवाना माझ्या नावे करण्याची गोष्ट निघाली. त्याआधी दुचाकीवरून पडून माझा उजवा खांदा मोडला होता. हाड जुळले, पण हात आजही खांद्याच्या वर जात नाही. मला धास्ती होती ती बंदुकीच्या धक्क्याची. आजोबा म्हणाले, "बार उडवूक कोणाकय येता रे, भरूक येवक होयो."

४/ रिकामी बंदूक हाती घेताच त्याचा अर्थ उमगला. दस्ता जमिनीवर टेकला की नळीचे तोंड माझ्या हनुवटीशी येई. गज उपसायचा, उलटा करायचा, नळीत सोडायचा, ठासायचा, पुन्हा उपसायचा. दर वेळी हात डोक्याच्या वर. माझा हात अर्ध्या वाटेतच थांबला. बार उडवणे हा क्षणाचा खेळ. भरणे ही खरी मेहनत.

५/ इतिहासातही हत्यार माणसाच्या अंगाशी तडजोड करीतच आले आहे. १६व्या शतकातील युरोपातली जड मस्केट नुसत्या हातांवर तोलेना, म्हणून शिपाई बेळक्याची काठी बाळगून तिच्यावर नळी टेकवीत. पुढे इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी आरंभी ४६ इंच होती. ईस्ट इंडिया कंपनीने वापरलेल्या नमुन्यात ती ३९ इंचांवर आली आणि १७९० च्या दशकात इंग्रजी सैन्यानेही तोच नमुना उचलला. हेतू काटकसरीचा व जलद उत्पादनाचा होता. पण ७ इंच नळी कमी झाल्याने भरणाऱ्याच्या हाताचे कष्टही तितकेच कमी झाले.

६/ आता आमच्या शेजारच्या गोव्याकडे वळू. १५१० मध्ये पोर्तुगीज तेथे आले. १५१३ मध्ये आफोंसो द अल्बुकर्कने आपल्या राजाला लिहिले की गोव्याचे कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. या परंपरेतील तोड्याची बंदूक पोर्तुगिजांबरोबर १५४३ मध्ये जपानला पोहोचली. तिचा दस्ता आखूड असे. तो खांद्यात न रोवता गालाशी धरीत. म्हणजे धक्का खांद्याने सोसायचा, हा काही निसर्गनियम नव्हे. मात्र तेथे सारा भार दोन्ही हातांवर येतो. एका अवयवाची सुटका दुसऱ्याच्या माथी.

७/ मग डावा खांदा का नको? कारण बहुतेक बंदुकांची कळ उजव्या अंगाला असते. डाव्या खांद्यावरून नेम धरला की ती थेट चेहऱ्यासमोर येते. तोड्याच्या वा चकमकीच्या बंदुकीत रंजकाचा भडका तेथेच उडतो. त्या भडक्याने पक्षी सावध होतात म्हणून त्रासलेल्या अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे केप आली. भडका गेला, पण केपेचे तुकडे उडतातच. डाव्या खांद्याला जाड चष्मा अटळ.

८/ 'हलकीच घे,' असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण तेवढ्याच बाराला हलकी बंदूक अधिक जोराने मागे येते. जड बंदूक धक्का स्वतःच गिळते. बार वाढवण्याचा मोह तर कधीच नको. यशवंतराव होळकरांसारख्या लढवय्याचा एक डोळा बंदूक फुटूनच गेला होता.

९/ शेवटी मी आखूड नळीची, पण अंगाने भारी अशी केपाची बंदूक निवडली आणि रीतसर परवानगी काढली. ओट्यावर उभे राहून दस्ता खालच्या पायरीवर टेकवतो, तोंड पलीकडे कलते ठेवतो. नळी कमरेशी येते आणि गज खांद्याखालूनच चालतो. हा तोडगा आजोबांचाच.

१०/ त्यांची लांब बंदूक जमा करायला गेलो तेव्हा ते सोबत आले नाहीत. आदल्या रात्री मात्र तिची नळी तेलाने पुसत बसले होते. मी म्हणालो, "आजोबा, माका ती पेलाक नाय." त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "आता माकाय खंय पेलता?"

११/ संग्रहालयात ठासणीची बंदूक पाहाल तेव्हा कारागिरी पाहाच. पण तिची लांबी आपल्या उंचीशीही ताडून पाहा. ती भरणारा माणूस केवढा असेल, त्याचा हात कुठवर पोहोचत असेल, याची बरीच कल्पना तेथेच येते.