दोन जलाशय

१७ मार्च १९८८ रोजी भारताचा आय. आर. एस.-१ए हा दूरसंवेदन उपग्रह अंतराळात गेला, आणि सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून आपली भूमी स्वतःच्या साधनाने न्याहाळण्याची सोय देशाला झाली. उपग्रहाच्या चित्रांत पुष्कळदा झाडी तांबडी दाखवतात व पाणी काळपट निळे. प्रथम पाहणारा बिचकतो. परंतु डोळा एकदा सरावला, की सारा मुलूख ओळखीचा वाटू लागतो.

अशा चित्रांत कोयनेचा शिवाजीसागर आणि पैठणजवळचा गोदावरीवरील नाथसागर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. दोहोंच्या पोटात मावणारे पाणी जवळजवळ सारखेच, सुमारे १०० अब्ज घनफूट. रूप मात्र किती भिन्न! शिवाजीसागर सह्याद्रीच्या रांगांमध्ये दक्षिणोत्तर चिंचोळा पसरलेला. ओढ्याओढ्याच्या घळीत त्याने आपले एकेक बोट घातलेले. नाथसागर परातीत पाणी ओतावे तसा ऐसपैस. माणसाने दोन्हीकडे भिंतच बांधली; पाण्याला आकार दिला तो जमिनीच्या चढउतारांनी. कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, पण लांबीला एक किलोमीटरही नाही. पैठणची भिंत उंचीने तिच्या निम्मीही नाही, लांबी मात्र सुमारे १० किलोमीटर. म्हणूनच तेवढ्याच पाण्यासाठी कोयनेला सुमारे ११५ चौरस किलोमीटर भूमी लागली, तर पैठणला सुमारे ३५०.

यावरून कोयनेचे थोडक्यात भागले असे म्हणणे घाईचे होईल. डोंगराळ मुलखात कसण्याजोगी सपाट जमीन असते ती नदीकाठीच, आणि पाण्याने नेमकी तीच गिळली. चढावरचे रान वाचले. भाताची खाचरे आणि काठची गावे गेली. कित्येक कुटुंबांना ठाणे, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत नवी घरे मांडावी लागली. पैठणकडे काळी, कसदार शेते बुडाली. उपग्रहाच्या चित्रात यातले काहीच दिसत नाही. दिसते ते निश्चल, काळपट पाणी.

पावसाळा सरून पाणी उतरू लागले, की दोन्ही काठांचे वेगळेपण पुन्हा उघड होते. कोयनेच्या उभ्या चढांवर उघड्या मातीचा अरुंद पट्टा तेवढा दिसू लागतो. नाथसागराचे पाणी मात्र थोडेसे ओसरले तरी जमिनीचा विस्तीर्ण तुकडा मोकळा होतो. तेथील ओल्या गाळात शेतकरी बी पेरतात. या पेरणीला गाळपेर म्हणतात. पुढे पीक हातभर वाढले, की चित्रातल्या पाण्याच्या कडेला तांबड्या ठिपक्यांची झालर उमटते.