आधी गाव की आधी तारीख?

न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना डेटाबेस समजावताना उदाहरण शोधत बसावं लागत नाही. काटा, पावती, सभासद, गट हे शब्द घराघरात माहीत. कॉम्प्युटर शिकणारा पुतण्या सुट्टीत आला नि म्हणाला, "काका, टेबलातले कॉलम मागंपुढं केले तर क्वेरी पळते का?" म्हटलं, करूनच बघू.

पोस्टग्रेसमध्ये काटापावत्यांचं टेबल केलं. पावत्या सगळ्या आम्हीच प्रोग्रॅमनं पाडलेल्या, कारखान्याची एकही नाही. सुरुवातीला चारच कॉलम: रिकामं वजन झालं का, पावती क्रमांक, बिल निघालं का, सभासद क्रमांक. हो-नाहीला एक बाइट पुरतो, मोठ्या क्रमांकाला आठ लागतात. पण हा क्रमांक आठाच्या पटीतल्या जागेवरूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक हो-नाहीमागं सात बाइट वाया. माहिती 32 बाइटची झाली. दोन्ही क्रमांक आधी घेतले तर तीच 24 मध्ये बसली. ओळीमागचा वरखर्च धरून 8 किलोबाइटच्या पानात 136 ऐवजी 157 पावत्या मावल्या.

"म्हणजे पळते!" पुतण्या खूश.

पळते, पण अख्खं टेबल चाळायचं असेल तेव्हा. इंडेक्सवरून एकच पावती काढताना फरक जाणवलाही नाही. शिवाय चालू टेबलात पोस्टग्रेस नवा कॉलम शेवटीच घालतं. क्रम बदलायचा तर टेबल नव्यानं भरा. तेवढ्यासाठी मी तरी भरणार नाही. एसक्यूएल सर्व्हर तर ठरावीक लांबीचे कॉलम आपणहून आधी मांडतो.

खरी गंमत इंडेक्समध्ये होती. टेबलात गाव, तारीख, वजन घातलं आणि 'गाव, तारीख' असा इंडेक्स केला. उरळगावचा एका दिवसाचा ऊस क्षणात आला. नुसती तारीख दिली, तर प्लॅनमध्ये सगळं टेबल चाळणं आलं. गाववार लावलेल्या रजिस्टरातून एका दिवसाचा ऊस काढायला सांगितल्यावर कारकुनाचं जे होईल तेच. पुतण्यानं क्रम उलटा केला. तारीख पळाली, पण निर्वीचा अख्खा हंगाम मागितल्यावर रखडपट्टी.

लॅपटॉपवर जुनी आवृत्ती होती. 2025 मध्ये आलेलं पोस्टग्रेस 18 अशा वेळी एका गावावरून दुसऱ्या गावावर उड्या मारत तारीख शोधू शकतं. गावं मोजकी, म्हणून ते परवडतं. पहिला कॉलम सभासद क्रमांकाचा असता तर हजारो उड्या माराव्या लागल्या असत्या.

"मग कुठला क्रम ठेवायचा?"

"काट्यावरची माणसं काय शोधतात, ते विचारून ये."

आळीत काट्यावर काम केलेले एक आजोबा आहेत. पुतण्या त्यांच्याकडं जाऊन आला आणि मुकाट्यानं लॅपटॉप उघडून बसला. ते गाडी नंबरावरून शोधायचे. तो कॉलम आम्ही घेतलाच नव्हता.